पांढरीचं देणं

धाराशिव-लातूर भागातल्या जुन्या घरांवर कौलं नसत, माळवद असे. जाड तुळया, तुळयांवर लाकडी फळ्या, फळ्यांवर पाला आणि पाल्यावर हात-दीड हात मातीचा थर. या थराला शेतातली काळी माती चालत नाही. ती पाणी पिते, फुगते आणि उन्हात भेगाळते. माळवदाला पांढरीच लागते. ती मिळते गावालगतच्या जुन्या टेकाडात, जिथं माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहिली, चुली पेटल्या, भिंती पडल्या आणि पडलेल्या भिंतींवर नव्या भिंती उभ्या राहिल्या. मृगाच्या आधी लोक गाड्या जुंपून टेकाडाच्या कडा खणत आणि माती छपरावर चढवत. मातीबरोबर खापरं येत, विटांचे आणि शंखाच्या बांगड्यांचे तुकडे येत. कधी एखादा मणी, कधी डोकं उडालेलं मातीचं बाहुलं. बाया माती निवडताना ते सगळं उकिरड्याकडे भिरकावत.

तेरचा इतिहास असा आधी छपरावर चढला, मग उकिरड्यात गेला आणि बराच उशिरा संग्रहालयात पोचला.

माझं आजोळ तेरच्या अलीकडे, तेरणेच्या काठाला. आजीचं माहेर खुद्द तेरचं. त्यामुळे तेरच्या गोष्टी आमच्याकडे माहेरच्या गोष्टी म्हणून आल्या, इतिहास म्हणून नव्हे. त्यात तारीख नसे, राजा नसे. वाडा कुणाचा, बारव कुठली, कुणाच्या म्हशीला कुठल्या ओढ्यात साप चावला, याचा मात्र चोख हिशेब असे. तिची सगळ्यांत लाडकी गोष्ट पालथ्या नगरीची.

"लई मोठी नगरी व्हती लेकरा," ती म्हणायची. "एक गोसावी आला भिक्षेला. नगरीत सोन्याचा धूर, पण कुणी चिमूटभर पीठ घातलं नाही. एका कुंभारणीनं तेवढी अर्धी भाकर दिली. गोसावी तिला म्हणला, तू लेकरं घेऊन नदीपल्याड जा, मागं बघू नको. आन् मग त्यानं हातातलं खापर उपडं केलं. खापर उपडं झालं तशी नगरी उपडी झाली. म्हणून तर खणलं की मडकी पालथी निघत्यात."

पालथ्या नगरीची ही कथा वेगवेगळ्या रूपांत अनेक जुन्या टेकाडांना चिकटलेली आहे, हे मला पुष्कळ नंतर कळलं. पण कुंभारीण वाचते, हे आजीच्या गोष्टीतलं मला फार पटायचं. नगरीतले सावकार गेले, वाडे गेले, आणि टेकाडात उरली ती कुंभाराचीच करणी. पुरातत्त्वाचा सगळा व्यवहार तरी दुसऱ्या कशावर चालतो? लाकूड कुजतं, कापड विरतं, लोखंड गंजून जातं. भाजलेली माती तेवढी दोन हजार वर्षं टिकते.

तेर धाराशिवपासून वीसेक किलोमीटरवर आहे. माझ्या मामांच्या तरुणपणी ढोकीपर्यंत बार्शी लाइटची छोटी गाडी असे. आता सगळीकडून डांबरी रस्ते येतात. गावात शिरलं की पाट्या गोरोबाकाकांच्या समाधीकडे नेतात आणि बहुतेक लोक तिकडेच जातात. संग्रहालय त्या मानानं शांत. नाव आहे कै. रामलिंगप्पा लामतुरे शासकीय पुराणवस्तुसंग्रहालय. हे नाव कुणा संस्थानिकाचं नाही, मंत्र्याचंही नाही. लामतुरे याच गावचे. टेकाडांवर, शेतांत, नदीच्या दरडीत जे उघडं पडे ते त्यांनी वर्षानुवर्षं जमवलं. एका माणसाच्या घरात साठत गेलेला तो संग्रह पुढं शासनाकडे आला आणि त्याचं संग्रहालय झालं. गावात शेकडो हात ज्या वस्तू फेकून देत होते, त्या वेळी एक हात त्या उचलून ठेवत होता. तेरचं संग्रहालय मुळात एवढंच आहे, आणि एवढं पुष्कळ आहे.

मी मामांना घेऊन गेलो. वय झालेलं, पण डोळा धड आणि जीभ त्याहून धड. कपाटापुढं ते पाटीकडे बघत नसत, थेट वस्तूकडे बघत. "ही वज्री," खडबडीत मातीच्या एका ठोकळ्यापुढं उभं राहून ते म्हणाले. "तुझ्या आजीकडं अशीच व्हती. अंग घासायची." पाटीवरही तेच लिहिलेलं होतं, फक्त पुढं सातवाहन काळ असं होतं. जात्यापाशी त्यांनी खुंट्याचं भोक वाकून पाहिलं आणि मान डोलावली. मण्यांच्या कपाटाशी मात्र बराच वेळ रेंगाळले. अकीक, गारगोटी, काच, शंख. लाल मण्यांकडे बोट करून म्हणाले, "असा एक माझ्या करदोट्याला व्हता. दृष्ट लागू नये म्हणून. पाऊस पडून गेला की टेकाडावर धुऊन वर यायचे. पोरं वेचायची." शिशाच्या नाण्यांपाशी आल्यावर ते हसलेच. त्यांच्या लहानपणी अशी ठोकळी सापडली तर पोरं ती भोयाला देत आणि भोई ती वितळवून जाळ्याला वजन म्हणून लावत. बदल्यात मूठभर मासे. सातवाहनांची नाणी तेरणेच्या डोहात मासे धरायला उतरली होती, हे कुठल्या ग्रंथात सापडायचं?

नाण्यांशेजारी मातीच्या काही गोल चकत्या आहेत. रोमन नाण्यांवरून उठवलेले ठसे. त्या व्यवहारात चालवायच्या नव्हत्या, दोरा ओवून गळ्यात घालायच्या होत्या. समुद्रापलीकडच्या बादशहाचा मुखडा इथल्या कुणाच्या तरी गळ्यात ताईत म्हणून लोंबत होता. मामांना यात नवल वाटलं नाही. निजामाच्या राज्यात वाढलेला माणूस. राणी छाप रुपयांची माळ त्यांनी लग्नात बायकांच्या गळ्यात पाहिलेली. "चांदी आपली आसली म्हणजे झालं," ते म्हणाले, "तोंड कुणाचं का आसंना."

पांढऱ्या केओलिन मातीच्या मूर्तींपुढं मात्र आम्ही दोघंही गप्प झालो. दोन साच्यांत पुढची आणि मागची बाजू वेगवेगळी काढून, मग जोडून, आतून पोकळ केलेल्या या मूर्ती. केसांची ठेवण, कानातले दागिने, गालावरचं हसू इतकं नेमकं, की कारागिरानं साचा कुणाला तरी समोर बसवून केला असावा असं वाटतं. आणि मग ती हस्तिदंती स्त्रीमूर्ती. तेरचं नाव जगात घेतलं जातं ते हिच्यामुळे. १९३८ मध्ये इटलीत पॉम्पेईच्या उत्खननात अमेदेओ मायुरी यांना अशाच धाटणीची एक भारतीय हस्तिदंती मूर्ती मिळाली. पॉम्पेई इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडलं गेलं, म्हणजे ती मूर्ती त्याआधीच तिथं पोचलेली होती. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनलाही तिची बहीण शोभेल अशी हस्तिदंती मूर्ती निघाली. तेर, भोकरदन आणि पॉम्पेई ही तीन गावं एका वाक्यात येतात ती या वीतभर हस्तिदंतामुळे.

पण मूर्ती इथून तिथवर जायची तर वाट हवी. त्या वाटेची हकिगत इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या 'पेरिप्लस' या व्यापारी वाटाड्यात आहे. भडोचच्या बंदरापासून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं फार मोठं शहर. पैठणहून अकिकासारखे दगड येतात, तगरहून साधं सुती कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल. हा माल धड रस्ते नसलेल्या मोठ्या मुलखातून गाड्यांनी भडोचला उतरतो, असं तो लिहितो. तगर हे नाव पुढं हजार वर्षं मानाचं राहिलं. शिलाहार राजे कोकणात आणि कोल्हापुरात राज्य करत, तरी 'तगरपुरवराधीश्वर' हे बिरूद मिरवत. तगर मात्र हरवलेलं. कुणी म्हणे देवगिरी, भगवानलाल इंद्रजींना वाटे जुन्नर, रा. गो. भांडारकर धारूरकडे बोट दाखवत. १९०१ मध्ये जॉन फेथफुल फ्लीट यांनी तगर म्हणजे तेर हे मांडलं. पाठोपाठ हेन्री कझेन्स इथं आले, टेकाडं आणि विटांची देवळं पाहून गेले, आणि त्यांचा वृत्तांत पुरातत्त्व खात्याच्या १९०२-०३ च्या अहवालात छापला गेला.

हे सगळं मी मामांना बाहेरच्या ओट्यावर बसून सांगितलं. वीस दिवस, दहा दिवस म्हटल्यावर त्यांनी मला थांबवलं.

"गाडी भरलेली का रिकामी?"

"भरलेली. कापडाची."

"आन् रस्ता?"

"धड नव्हता म्हणे."

तरुणपणी मामांनी बार्शीच्या अडतीला कितीतरी गाड्या नेलेल्या. ते बोटांवर मोजू लागले. बैल पहाटे जुंपायचे, ऊन चढलं की सोडायचे, वैरण-पाणी करून उतरत्या उन्हाला पुन्हा जुंपायचे. नदी लागली की अर्धा दिवस तिथंच. "दोन-चार दिवसांचा पल्ला आसंल तर बैल रेटता येतो," ते म्हणाले. "महिनाभर चालायचं तर रेटून चालत नाही, बैल बसतो. पाच कोस. लई झालं तर सहा."

कोस म्हणजे ढोबळ मानानं सव्वातीन किलोमीटर. सहा कोसांच्या हिशेबानं दहा दिवसांत एकशे नव्वदपर्यंत किलोमीटर होतात, पाचच्या हिशेबानं एकशे साठ. नकाशावर तेर ते पैठण सरळ रेषेत दीडशेच्या आसपास भरतं, वळणं धरली की पावणेदोनशे. पैठण ते भडोच सरळ रेषेत साडेतीनशे, म्हणजे वीस दिवसांनी भागलं तर पुन्हा तेवढंच. फ्लीटसाहेबांनी ग्रंथ आणि ताम्रपट चाळून जे ठरवलं, ते एका गाडीवानानं ओट्यावर बसून बैलाच्या दमावरून पडताळलं. दिशेत मात्र ग्रीक वाटाड्या थोडा चुकला. तेर पैठणच्या नेमकं पूर्वेला नाही, आग्नेयेला आहे. मामांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "तो कुठं आलाय इथवर? बंदरात बसून इचारलं आसंल गाडीवाल्याला." हाच अंदाज अभ्यासकांचाही आहे.

म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्याला आपण आठवणी म्हणतो आणि मायेनं बाजूला ठेवतो. त्यांत मोजमापं असतात. किती पाऊस पडला की दरड ढासळते, कुठल्या शेतात नांगर विटांना अडतो, भरली गाडी दिवसाला किती जाते. पालथ्या नगरीची गोष्ट ऐकायला गोड आहे, पण त्याच आजीला कुठल्या टेकाडाची पांढरी गळत नाही आणि कुठली गळते हेही ठाऊक होतं. वस्ती कुठं दाट होती याचा नकाशाच तो.

दुपारी आम्ही त्रिविक्रमाच्या देवळात गेलो. हे देऊळ विटांचं आणि मागून अर्धगोल. आत तिसरं पाऊल उचललेला त्रिविक्रम उभा आहे. पण हा घाट बौद्ध चैत्यगृहाचा, असं कझेन्सपासून अभ्यासक सांगत आले. गावातल्या उत्खननात विटांच्या स्तूपाचे अवशेषही निघाले आहेत. देव बदलला, छप्पर तेच राहिलं, आणि वापरात राहिलं म्हणूनच वाचलं. उत्तरेश्वराचं देऊळही विटांचं. त्याची कोरीव लाकडी द्वारचौकट संग्रहालयात ठेवली आहे. मघाशी ती पाहताना मामांनी लाकूड कुठलं ते ओळखायचा प्रयत्न केला होता आणि अखेर "आपल्या रानातलं नाही" एवढंच म्हणाले होते.

मग गोरोबाकाका. तेरला येऊन तिथं न जाणं आमच्या घरात पापच. परंपरेनं त्यांचा काळ १२६७ ते १३१७ मानतात. माती तुडवता तुडवता विठ्ठलाच्या नादात तान्हं मूल पायाखाली आलं, ही गोष्ट आजी सांगू लागली की आम्ही पोरं कानांवर हात ठेवायचो. दुसरी गोष्ट मात्र पुन्हा पुन्हा सांगायला लावायचो. संतांचा मेळा जमलेला. मुक्ताबाईनं विचारलं, काका, हे हातात काय? हे थापटणं, मडकं कच्चं की पक्कं ते यानं कळतं. मग आमचीही पारख करा. गोरोबांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारलं. सगळे निमूट बसले, नामदेव तेवढे रागावले. ठरलं, एवढं मडकं कच्चं. तिथून नामदेव औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले.

सातवाहन काळातल्या कुंभारांनंतर हजारेक वर्षांनी त्याच नदीकाठच्या मातीवर काम करणारा हा कुंभार. त्याला आपल्या पायाखाली रोमशी व्यापार करणारं शहर आहे हे कुणी सांगितलं नसणार. पण माती खणताना जुनी खापरं त्याच्याही फावड्याला लागलीच असतील, आणि ती बोटानं वाजवून त्यानं पारखलीही असतील. संग्रहालयातली भांडी आणि समाधीवरची गर्दी या गावाच्या दोन निराळ्या बाबी नाहीत. चांगली माती होती म्हणून कुंभार होते, आणि कुंभार होते म्हणून गोरोबा झाले.

याच मातीची एक कडू गोष्टही आमच्या घरात आहे. ३० सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशीची रात्र सरून पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. गणपती बोळवून लोक नुकते झोपलेले. ओबडधोबड दगड मातीत रचून केलेल्या जाड भिंती आणि वर माळवदाचा बोजा. भिंती सुटल्या आणि छपरं झोपलेल्यांवर आली. किल्लारी, सास्तूर आणि भोवतालच्या गावांत मिळून आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. आमच्या आजोळी घर उभं राहिलं, भिंत तेवढी कोपऱ्यात फाकली. पण आजी त्यानंतर माळवदाखाली झोपली नाही. पुढं गावोगाव माळवदं उतरवली गेली, पत्रे आले, स्लॅब आले. आमच्या छपराची माती मामांनी स्वतः खाली ओढली. पिढ्यान्‌पिढ्या वर चढवलेली पांढरी अंगणात ढीग होऊन पडली आणि पुढच्या पावसात त्या ढिगातून खापरं आणि मणी पुन्हा वर आले. आजीनं मात्र त्यातला एकही मणी घरात घेऊ दिला नाही.

टेकाडं खणली जाऊन छपरावर जाणं थांबलं, हे पुरातत्त्वाच्या दृष्टीनं बरंच झालं. पण माती निवडण्याबरोबर टेकाडाची ओळखही गेली. आमच्या पिढीला कुठल्या टेकाडात काय निघतं ते माहीत नाही, कारण आम्हाला टेकाडाची गरजच पडत नाही. इथं संग्रहालयाचा आणि म्हाताऱ्यांचा संबंध येतो. वर पडलेली वस्तू उचलून आणली की तिची खोली हरवते. ती कुठल्या थरातली, तिच्यासोबत काय होतं, हे ती वस्तू सांगू शकत नाही. ब्रिटिश म्युझियमचे डग्लस बॅरेट यांनी १९६० मध्ये 'तेर' ही पुस्तिका लिहिली, तेव्हा अभ्यास करायचा होता तो अशाच वेचलेल्या वस्तूंचा. थर कळायला उत्खनन लागतं. १९५८ मध्ये बा. ना. चापेकरांनी ते केलं, त्याचा अहवाल १९६९ मध्ये आला. नंतरही इथं उत्खननं झाली. त्यांनी वस्तूंना काळ दिला. पण वेचलेल्या हजार वस्तूंना जागा कोण देणार? कुठल्या शेताचा कुठला बांध, कुठल्या ओढ्याचं कुठलं वळण? हे ज्यांनी पोरपणी मणी वेचले तेच सांगू शकतात, आणि ते आता थोडे उरलेत.

परतताना मी मामांना एकेक विचारत गेलो. लाल मणी कुठं मिळायचे, शिशाची ठोकळी कुठं, बाहुली कुठं, नांगर विटांना कुठं अडायचा. ते सांगत गेले आणि मी वहीत उतरवत गेलो. वडाच्या शेताचा उतार, बारवेमागचं रान, नदीकडची दरड, तीही जुनी, धरण व्हायच्या आधीची. कुठं त्यांना शंका वाटली तिथं त्यांनी तसं लिहायला सांगितलं. वही संग्रहालयात देणार असल्याचं सांगितल्यावर त्यांना ते पसंत पडलं. सांगणाऱ्याचं म्हणून त्यांचं नाव वर घालू का, असं विचारलं, तर म्हणाले, "माझं कशाला? शेताचं नाव नीट लिव. मालक चारदा बदलले, पण वडाचं शेत ते वडाचंच हाय. वड पडूनबी चाळीस वर्सं झाली."